फायनलच्या रविवारचे कांदेपोहे

बिबवेवाडी, पुणे
मंगळवार

आदरणीय दाजी,

समाधानचा तुम्हाला आणि अक्काला सप्रेम जयभीम. (अक्काला फक्त जयभीम पोचवावा, पत्र दाखवू नये.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मी आणून दिलेलं तेल लावता, की कपाटात ठेवून नुसतं बघता? इकडे सगळं ठीक आहे. कल्याणी ठीक आहे. माझ्याशी बोलत नाही, पण ठीक आहे. पत्र लिहिण्यास कारण की, तुमचा फोन अक्का उचलते. बिबवेवाडी ते हडपसर हे काही टपालखात्याला त्रास द्यावा असं अंतर नाही, हे मलाही कळतं. पण तुमच्या दारात उभं राहून हे सांगायचं तर तोंड लागतं, आणि ते सध्या माझ्याकडे नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, तर चष्मा सापडत नाही म्हणून तुम्ही मोबाइल कुणालच्याच हातात दिला असता आणि वाच रे, मामा काय म्हणतोय ते, असं फर्मान सोडलं असतं. म्हणून हा कागद. दार लावून वाचावा, आणि वाचताना मोठ्याने "अरे नालायका" म्हणू नये. अक्काचे कान तुम्हाला माहीत आहेत.

दाजी, परवाच्या रविवारी आपण कर्वेनगरला कुणालसाठी पूर्वाला बघायला गेलो. परत निघताना जिन्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात की समाधान, मामाचं कर्तव्य केलंस बाबा. तुम्ही माझ्याबद्दल काही चांगलं बोललात असा हा पहिलाच प्रसंग (माझ्या लग्नात बोलला होतात, पण ते कल्याणीबद्दल होतं). तेव्हापासून मला जेवण जात नाही. ते स्थळ मी का आणलं आणि त्याच रविवारी का आणलं, हे तुम्हाला कळलं तर तुम्ही तो हात पिरगाळाल. आणि ते तुम्हाला कळायलाच हवं, कारण त्याशिवाय पुढची विनंती करता येत नाही.

तर मुळापासून सांगतो. फुटबॉल म्हणजे कामधंदा नसलेल्या लोकांची अर्ध्या चड्डीतली धावपळ, हे तुमचं मत मला पाठ आहे. तरी ऐकून घ्या. आमच्याकडचा क्लब म्हणजे अपराजित स्पोर्ट्स क्लब. (नाव पहिल्या सामन्याच्या आधी ठेवलेलं आहे, त्यामुळे नाव ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही.) दरवर्षी स्पर्धेत उतरायचं, दरवर्षी लवकर घरी यायचं, आणि मग वर्षभर आम्ही जाणत्या लोकांनी माऊलीच्या अमृततुल्यात बसून का हरलो यावर बोलायचं, अशी आमची सुखाची घडी बसलेली होती. यंदा ती विस्कटली. यंदा पोरं फायनलला पोचली. उपांत्य सामन्यात समोरच्या बचावपटूनं स्वतःच्याच गोलमध्ये डोक्यानं इतका देखणा चेंडू घातला, की सामना संपल्यावर आमच्या लोकांनी त्यालाच खांद्यावर घेतलं. तो बिचारा रडत होता, आणि आमच्या लोकांना वाटलं आनंदानं रडतोय. तर असे आम्ही फायनलला. आणि फायनल कुणाशी? तुमच्या हडपसर वॉरियर्सशी. आणि हडपसर वॉरियर्समध्ये सगळ्यांत पुढे कोण खेळतो, तर आपला कुणाल.

त्या दिवसापासून माऊलीकडे रोज संध्याकाळी एकच विषय. आपण जिंकू का? सीताराम आमच्यातला वयानं मोठा, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला. त्याचं प्रत्येक वाक्य "मुळात" या शब्दानं सुरू होतं आणि कुणाचं तरी मन दुखवून संपतं. त्याचं म्हणणं, मुळात आपण फायनलला पोचलो हीच चूक झाली, आता चार लोकांसमोर अब्रू जाणार. साईनाथ आयटीतला, तो लॅपटॉप घेऊन येतो. त्यानं दोन्ही संघांचे व्हिडिओ बघून रंगीत बाणांचा असा तक्ता काढला, की बघणाऱ्याला वाटावं पुण्याच्या वाहतुकीचा नवा आराखडाच आहे. त्यातून निष्कर्ष काय, तर हरण्याची शक्यता जास्त. हे सीतारामनं लॅपटॉपशिवाय सांगितलंच होतं. माऊलीला बाण समजत नाहीत, म्हणून त्यानं काउंटरवर प्रत्यक्ष रचना मांडली. कटिंगचे ग्लास म्हणजे हडपसर, क्रीमरोल म्हणजे आपण, आणि बिस्किटांची बरणी म्हणजे आपला गोलकीपर. वाद अगदी ऐन रंगात आला असताना एक गिऱ्हाईक आलं आणि आमचा लेफ्ट बॅक चहात बुडवून खाऊन गेलं. सीताराम म्हणाला, मुळात रविवारी हेच होणार आहे.

मी काय म्हणत होतो, असं विचाराल. दाजी, मी एकटाच आपण जिंकू म्हणत होतो. का, ते मला सांगता येत नव्हतं. पण पंचवीस-तीस वर्षं ज्यांना हरताना बघितलं, त्यांना एकदा तरी जिंकताना बघावं, असं वाटणं हा काही गुन्हा नाही. माझ्या या आशेवर सगळे तुटून पडायचे. शेवटी हरल्यावर काय काय कारणं द्यायची याची तयारी सुरू झाली. ऊन डोळ्यांवर, पंच हडपसरचा, गवत वाढलेलं, गवत नसलेलं. (दोन्ही ठेवली. मैदान बघून त्यातलं एक वापरायचं होतं.) आणि मग साईनाथनं हळूच एक वाक्य टाकलं. त्याच्या सगळ्या बाणांचं मूळ एकच आहे, तो नऊ नंबरचा पोरगा. तो नसेल तर आपण बरोबरीत आहोत. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आधी साध्या सूचना आल्या. माऊली म्हणाला, सकाळी त्याला मिसळ खायला बोलवा, तर्री मी बघतो. ही सूचना मी फेटाळली, कारण तो अक्काच्या हातचं खाऊन मोठा झालेला आहे, मिसळीनं त्याला फक्त हुशारी येईल. साईनाथ म्हणाला, त्याच्या कंपनीत ओळख काढतो आणि रविवारी ऑफिसला बोलवायला लावतो. पण पोराच्या नोकरीशी खेळायचं नाही, हे मी निक्षून सांगितलं (एवढी माणुसकी तेव्हा शिल्लक होती). तेव्हा सीताराम चहा संपवत म्हणाला, मुळात मामा कशासाठी असतो? आणि मग त्यानं ते समजावून सांगितलं. मुलगी बघायचा कार्यक्रम मुलाच्या मामाशिवाय होत नाही. मामाला ज्या दिवशी सवड, त्या दिवशी कार्यक्रम. आणि मामानं स्वतः आणलेल्या स्थळाला दिवस बदलून द्या असं कुठल्या भाच्यानं आजवर म्हटलंय? रविवार, दुपारी चार. सामनाही रविवारी, दुपारी चार.

दाजी, माझ्यावर विश्वास ठेवा, मी नाही म्हणालो होतो. मग अजून एक चहा आला आणि मी बघतो म्हणालो. अक्का कधीपासून माझ्या मागे लागली होती की कुणालसाठी चांगलं स्थळ बघ. मी आपला हो हो म्हणून टाळत होतो. मनात म्हटलं, यात नुकसान कुणाचं? पोहे खायचे, नमस्कार-चमत्कार करायचे, चार दिवसांनी कळवतो म्हणायचं आणि विसरून जायचं. पुण्यात अशी किती स्थळं रोज येतात आणि जातात. शिवाय मी काळजी घेतली होती. मुलीच्या वडिलांना आधीच सांगून ठेवलं होतं की मुलगा चांगला आहे, पण सुट्टीच्या दिवशी घरात सापडत नाही, सदा मैदानावर, उन्हानं रापलेला. कुणालला सांगितलं होतं की मुलगी चांगली आहे, पण फार स्पष्ट बोलते. दोन्हीकडून नकार येणार, अशी माझी पक्की व्यवस्था होती. (निम्मं आयुष्य सरकारी खात्यात काढल्यावर काम होऊ न देण्याची कला माणसाला येते, असा माझा समज होता.)

अक्काला फोन करून स्थळाचं सांगितलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला. आईवडील गेल्यापासून माहेरचं असं कुणी काही केलंच नव्हतं रे, म्हणाली. तिथेच मी थांबून सगळं खरं सांगायला हवं होतं. पण मी फोन कुणालला द्यायला सांगितलं. तो म्हणाला, मामा, रविवारी फायनल आहे. मी म्हटलं, हो का? (हो का! मी! ज्यानं महिनाभर दुसरा शब्द काढला नव्हता!) मग म्हणाला, बरं, तू म्हणतोयस तर येतो. एवढंच. चिडला नाही, कुरकुर नाही. दाजी, या पोराला पहिला चेंडू मी आणून दिला होता. सुट्टीत मामाच्या गावाला म्हणून यायचा (गाव कसलं, बसनं हडपसरहून बिबवेवाडीला), आणि आमच्या मैदानावर अनवाणी पळायचा. डाव्या पायानं मारायला मीच शिकवलं. त्या डाव्या पायाची भीती वाटून त्याला पोहे खायला बसवणारा माणूसही मीच. माऊलीकडे त्या संध्याकाळी माझ्या नावानं क्रीमरोल वाटले. मी खाल्ला नाही.

रविवारचं तुम्हाला काय सांगू, तुम्ही तिथे होतातच. पण तुम्ही बघितलं ते वेगळं आणि मी बघितलं ते वेगळं. तुम्ही बघितलं की माणसं साधी आहेत, घर नीटनेटकं आहे, बाबासाहेबांचा फोटो ताज्या हारात आहे, मुलीला नोकरी आहे. मी बघितलं की खिडक्यांचे पडदे ओले होते. आदल्या दिवशी धुतलेले असणार आणि वाळायच्या आधी परत लावलेले. मुलीच्या वडिलांनी केसांना कलप लावला होता, तो कानाच्या पाळीला लागला होता आणि कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. मुलीची आई प्रत्येक बशी ठेवताना माझ्याकडे बघून हसत होती, कारण स्थळ मी आणलेलं. दाजी, मला तिथे इतकी लाज वाटली की मी खाली बघून पोहेच खात राहिलो. त्यामुळे त्यांना वाटलं मामांना पोहे फार आवडले, आणि त्यांनी आणखी वाढले.

मग पूर्वा आणि कुणाल गॅलरीत बोलायला गेले. रीतीप्रमाणे दहा मिनिटांत परत यायला हवेत. आलेच नाहीत. तुमचं आणि तिच्या वडिलांचं पेन्शन, पाणी, पार्किंग सगळं बोलून झालं, तरी गॅलरीतून हसण्याचे आवाज. मी पाण्याच्या निमित्तानं उठून कानोसा घेतला. मुलगी त्याला विचारत होती की उपांत्य सामन्यातली पेनल्टी उजवीकडे का मारलीस. मी मुलीच्या वडिलांना जे अवगुण म्हणून सांगितलं होतं, ते ऐकूनच ती बघायला तयार झाली होती! आणि "फार स्पष्ट बोलते" हे ऐकून कुणाल. मी नकाराची जी व्यवस्था लावली होती, ती म्हणजे दोन्हीकडून शिफारसच ठरली. त्याच वेळी कुणाल तिला एक गोष्ट सांगत होता, जी मला माहीत नव्हती. कंपनी त्याला पुढच्या महिन्यात बेंगळुरूला पाठवतेय. म्हणजे हडपसरकडून ही त्याची शेवटची फायनल होती. तो हे कुणालाच बोलला नव्हता. मी पाण्याचा ग्लास हातात धरून तसाच उभा राहिलो.

आणि तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. माऊलीचा मेसेज. सामना झालाच नव्हता. मैदानावर कुठल्याशा कपड्यांच्या सेलचा मांडव उभा होता, तो काढायला सेलवाले तयार नव्हते. आमचे लोक ताशा घेऊन गेले होते, ते दोनावर एक फ्री बर्म्युडा घेऊन परतले. सामना येत्या रविवारी नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी, दुपारी चार वाजता. मेसेज वाचून मला इतकं हलकं वाटलं की विचारू नका. म्हटलं, चला, पोराची फायनल वाचली, स्थळही चांगलं निघालं, आपलं पाप आपोआप धुतलं गेलं. आणि त्याच क्षणी तुम्ही उभे राहिलात, मुलीच्या वडिलांचा हात हातात घेतलात आणि जाहीर केलंत की शुभ कामाला उशीर नको, येता रविवार सोडून त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी समाजमंदिराचा हॉल रिकामा आहे, साखरपुडा उरकून टाकू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कुणालनं फक्त एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग तोही हसला.

तो तुम्हाला सांगणार नाही, दाजी. तुम्ही तारीख जाहीर केलीत म्हणजे केलीत, एवढा धाक तुमचा त्याला आहे (मलाही आहे, म्हणूनच टपाल). त्याचा कॅप्टन त्याला ग्रुपवर नको नको ते बोलला, तेही त्यानं निमूट ऐकून घेतलं. तेव्हा माझी हात जोडून विनंती आहे की साखरपुडा आठवडाभर पुढे घ्या. कारण म्हणून काहीही सांगा. गुडघा सांगा. माझं नाव पुढे करायचं असेल तर तेही करा, मामाला त्या दिवशी जमत नाही म्हणा. मामासाठी दिवस बदलतात, हे मला आता चांगलंच माहीत झालं आहे. पोराला त्याची शेवटची फायनल खेळू द्या. मी फार वाईट वागलो. एका सामन्यासाठी मी माझ्या बहिणीच्या आनंदाचा वापर केला, आणि वर तिनं मला आहेर काय करायचा याचा विचार चालवलाय. हे मला सहन होत नाही. तुम्ही मला बोला, मारा, लग्नात पंगतीत शेवटी बसवा, पण तारीख तेवढी बदला.

अक्काला काही सांगू नये, ही परत एकदा विनंती.

तुमचा अपराधी,
समाधान

ता. क. समाजमंदिरात मी चौकशी करून ठेवली आहे. फायनलच्या पुढच्या रविवारीही हॉल रिकामा आहे. तुमच्या नावानं सांगून ठेवलाय. तुम्हाला नुसतं हो म्हणायचं आहे.

ता. क. २. एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. पूर्वाला एक भाऊ आहे, सम्यक. रविवारी तो घरी दिसला नाही, तुम्ही विचारलंतही. तो मैदानावर गेला होता. तो आमच्या अपराजितचा गोलकीपर आहे. (हे स्थळ मला इतक्या पटकन कुठे सापडलं, असं तुम्ही जिन्यात विचारलं होतंत, तर असं सापडलं.) बहिणीला बघायच्या दिवशी भाऊ नसला तर चालतं, पण तिच्या साखरपुड्याला तो नसला तर चालत नाही. त्यामुळे त्या रविवारी हडपसरचा नऊ नंबर नाही, पण आमच्या गोलमध्येही कुणी नाही. पर्यायी गोलकीपर संतोष आहे. तो एकदा आडवा झाला की त्याला उभं करायला दोघं लागतात. काल माऊलीकडे यावर मोठी चर्चा झाली. साईनाथच्या मते कुणाल आणि सम्यक दोघंही नसतील तर आपण पाच-शून्यनं हरू, दोघंही असतील तर तीन-शून्यनं. साखरपुडा पुढे ढकलावा, असं एकमतानं ठरलं आणि पत्र लिहायची जबाबदारी माझ्यावर आली. पश्चात्ताप नीट दिसला पाहिजे, असं सीतारामनं बजावलं होतं. आता तुम्ही म्हणाल, म्हणजे हे सगळं त्यासाठी होय! दाजी, सगळं नाही.

ता. क. ३. हे पोस्टाच्या दारात उभा राहून लिहितोय, माऊलीच्या कट्ट्यावर वाचून दाखवलेल्या पत्रात हे नाही. सकाळी मी कुणालला फोन करून सगळं कबूल करून टाकलं. तो म्हणाला, मामा, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी विचारलं, कसं? म्हणाला, तू मला कायम गाढवा म्हणतोस, त्या दिवशी फोनवर बाळा म्हणालास. मी म्हटलं, मग आलास कशाला मूर्खा, फायनल होती ना? तर म्हणाला, तुझा फोन माझ्या हातात देऊन आई स्वयंपाकघरात गेली आणि गाणं म्हणायला लागली. किती दिवसांनी म्हटलं होतं तिनं. मग म्हटलं, जाऊ दे मॅच.

तर दाजी, तारीख बदललीत तर त्या रविवारी मी हडपसरच्या बाजूला बसणार आहे. कट्ट्यावर सांगून ठेवलंय की हेरगिरीला जातोय.